अपस्माराचा माग



अपस्मार हा रोग जितका जुना, तितकाच तो मनुष्याला भेडसावणारा आहे. धडधाकट माणूस बोलतां बोलतां एकदम कोसळतो, त्याचें अंग ताठतें, हातपाय झटके देऊं लागतात, तोंडाला फेंस येतो. आणि दोन-चार मिनिटांनीं तोच माणूस डोळे उघडून भोंवतालच्या गर्दीकडे गोंधळून पाहतो. मध्यंतरीं काय घडलें याची त्याला आठवणही नसते. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचें दूर जाणें, हें आपल्या वैद्यांनीं दिलेलें नांव किती यथार्थ आहे! चरकसंहितेनें त्याची गणना रोगांतच केली आहे. तरी लोकांच्या मनांत तो बाहेरची बाधा म्हणूनच राहिला. कोणी कांदा फोडून हुंगवितो, कोणी चामड्याचा जोडा नाकाशीं धरतो, तर कोणी देवऋषाकडे धांव घेतो. हा समज केवळ खेड्यापाड्यांतलाच होता असें मात्र कोणीं म्हणूं नये. हिंदु विवाहाच्या कायद्यांत १९७६ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचे झटके हाही विवाहाला प्रत्यवाय मानला होता. तो शब्द कायद्यांतून निघावयास १९९९ साल उजाडावें लागलें.

ज्या रोगानें एवढी भीति उत्पन्न केली, त्याचें मूळ स्थान डोळ्यांनीं पाहावें अशी इच्छा शास्त्रज्ञांना व्हावी यांत नवल नाहीं. परंतु मेंदू हाडाच्या पेटींत बंद असतो, आणि जिवंत माणसाची कवटी केवळ जिज्ञासेपोटीं कोणीं उघडावी? यास्तव हा शोध प्रथमपासून मुक्या जनावरांच्या साह्यानें चालला. त्या शोधाची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. तिचें सार आरंभींच सांगतों. प्रारंभीं शास्त्रज्ञ विचारीत होते, ‘झटका मेंदूंत कोठें उठतो?’ आज ते विचारीत आहेत, ‘रोग मेंदूंत केव्हां शिरतो?’ ‘कोठें’ पासून ‘केव्हां’ पर्यंतचा हा प्रवास आहे. आणि रोग्याच्या हिताच्या दृष्टीनें दुसरा प्रश्न पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाहीं.

हिप्पोक्रेटीस या ग्रीक वैद्याच्या नांवावर जो ग्रंथसंग्रह चालत आला आहे, त्यांत ‘पवित्र रोगाविषयीं’ असा एक निबंध आहे. तो इसवी सनापूर्वीं सुमारें ४०० वर्षें, म्हणजे आजपासून चोवीसशें वर्षांपूर्वींचा मानतात. ग्रीक लोक अपस्माराला देवाचा कोप समजत व म्हणूनच त्याला पवित्र रोग म्हणत. निबंधकार म्हणतो कीं, हा रोग इतर रोगांपेक्षां तिळभरही अधिक दैवी नाहीं. त्याचें मूळ मेंदूंत आहे. आणि पुरावा काय देतो? तर बकरीचा! बकऱ्यांनाही हा रोग होतो. अशा बकरीची कवटी फोडून पाहा, आंत मेंदू पाण्यानें भरलेला व दुर्गंधियुक्त आढळेल. मग देवानें नव्हे, रोगानेंच शरीर बिघडविलें आहे हें तुमचें तुम्हांलाच कळेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मेंढ्याबकऱ्यांच्या मेंदूंत एका जातीच्या फीतकृमीच्या पाण्यानें भरलेल्या पुटकुळ्या होतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. त्या ग्रीक वैद्यानें पाहिलेलें पाणी कदाचित् याच पुटकुळ्यांचें असावें, असा तर्क कोणी कोणी करतात. योगायोग असा कीं, डुकरांपासून माणसांत येणाऱ्या दुसऱ्या एका फीतकृमीच्या पुटकुळ्या हें आपल्या देशांतील अपस्माराच्या मुख्य कारणांपैकीं एक आहे. तें कसेंही असो. जनावराच्या मेंदूंत पाहून माणसाच्या रोगाविषयीं बोलण्याची परंपरा इतकी जुनी आहे. त्या पाहण्यांतला दोष मात्र उघड होता. बकरी मेली होती, आणि मेलेल्या मेंदूंत झटका दिसत नाहीं.

यानंतर एकदम एकोणिसाव्या शतकांत येऊं. लंडनमध्यें क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन हा वैद्य रोग्यांचे झटके अत्यंत बारकाईनें न्याहाळीत असे. त्याच्या असें लक्षांत आलें कीं, कांहीं रोग्यांत झटका एकाएकीं सर्वांगाला व्यापीत नाहीं. तो अंगठ्यापासून सुरू होतो, मग हात, मग दंड, मग चेहरा, अशी जणूं कूच करीत जातो. यावरून त्यानें अनुमान केलें कीं, मेंदूच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या अवयवांचीं ठाणीं असलीं पाहिजेत, आणि अपस्माराचा झटका म्हणजे त्यांपैकीं एका ठाण्यावर मेंदूच्या करड्या द्रव्यांत होणारा शक्तीचा अकस्मात्, अतिरिक्त स्फोट होय. हें सर्व त्यानें केवळ रोग्यांकडे पाहून ठरविलें. हातीं साधन असें कांहींच नव्हतें.

प्रयोगाचा पुरावा मिळाला तो कुत्र्यांपासून. १८७० सालीं बर्लिनमध्यें फ्रिट्श व हिट्झिग यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा सौम्य प्रवाह लावला, तेव्हां विशिष्ट जागीं स्पर्श करतांच विरुद्ध बाजूचा विशिष्ट अवयव हालूं लागला. १८७३ मध्यें इंग्लंडांत वेकफील्ड येथील वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेंत डेव्हिड फेरियरनें हे प्रयोग पुढें नेले. कुत्रीं, मांजरें, ससे व पुढें माकडें यांच्या मेंदूचा त्यानें नकाशाच तयार केला. प्रवाह थोडा वाढविला कीं जनावराला अपस्मारासारखाच झटका येई, आणि तो जॅक्सननें वर्णिल्याप्रमाणें एका अवयवाकडून दुसऱ्याकडे कूच करी. तर्कानें काढलेलें अनुमान प्रत्यक्ष डोळ्यांसमोर उभें राहिलें.

हें ज्ञान फुकट मिळालें नाहीं, आणि त्या काळच्या लोकांनाही तें फुकट वाटलें नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध इंग्लंडांत १८७६ सालीं कायदा झाला होता. त्या कायद्याखालीं १८८१ मध्यें फेरियरवर लंडनमध्यें खटला भरला गेला. माकडांवरील शस्त्रक्रिया त्यानें नव्हे, तर परवाना असलेल्या त्याच्या सहकाऱ्यानें केली होती असें निष्पन्न झाल्यामुळें तो सुटला. परंतु प्रश्न सुटला नाहीं. तीनच वर्षांनीं, २५ नोव्हेंबर १८८४ रोजीं, लंडनमध्येंच रिकमन गॉडली या शस्त्रवैद्यानें एका तरुण रोग्याची कवटी उघडली. त्याला जॅक्सननें वर्णिलेल्या जातीचे झटके येत असत. बाहेरून गांठीचें कसलेंही चिन्ह नव्हतें. फेरियरच्या नकाशावरून जी जागा ठरविली होती, नेमकी तेथेंच गांठ सांपडली व ती काढण्यांत आली. झटके थांबले. रोगी मात्र जखम चिघळून सुमारें चार आठवड्यांनीं दगावला. ‘टाइम्स’ पत्रांतून यावर मोठा वाद माजला. माकडांच्या यातनांनीं माणसाचें कल्याण झालें असें एक पक्ष म्हणे, तर रोगी अखेर वांचला नाहींच, असें दुसरा पक्ष बजावी. १८८६ च्या मे महिन्यांत व्हिक्टर हॉर्स्लेनें क्वीन स्क्वेअर येथें लहानपणच्या अपघातामुळें झालेला मेंदूवरचा व्रण कापून काढला, आणि अपस्मारावर शस्त्रक्रियेचा मार्ग खऱ्या अर्थानें खुला झाला. त्या वेळीं जॅक्सन व फेरियर हे दोघेही तेथें हजर होते.

याप्रमाणें ‘कोठें’ या प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळालें. परंतु हें उत्तर कवटी उघडल्यावांचून मिळत नव्हतें. बाहेरूनच आंतलें कळावें यासाठीं दुसऱ्या वाटेनें प्रयत्न चालू होते. १८७५ मध्यें लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यानें ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूवर मेंदूचेच स्वतःचे क्षीण विद्युत्-प्रवाह असतात असें दाखविलें. १९१४ मध्यें क्राकाव येथें सिबुल्स्की व त्याची सहकारी यांनीं कुत्र्याच्या मेंदूंतील कृत्रिम झटक्याचा आलेख छापून प्रसिद्ध केला. १९२९ मध्यें जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यानें माणसाच्या डोक्यावरून, कवटीला हात न लावतां, असा आलेख मिळतो हें जाहीर केलें. पुढें १९३५ मध्यें बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनीं, लहान मुलें क्षणभर शून्य नजरेनें पाहत राहतात त्या सौम्य जातीच्या अपस्मारांत, आलेखावर सेकंदाला तीन या गतीनें टोंकदार लाटा उमटतात हें दाखविलें. त्याच शहरांत १९३७ मध्यें पटनम व मेरिट हे मांजरांना विजेनें झटका आणून कोणतें औषध तो आवरतें हें तपाशीत होते. त्यांतूनच दुसऱ्या वर्षीं फेनिटॉइन हें औषध रोग्यांच्या हातीं आलें. तें आजही वापरांत आहे.

विद्युत्-आलेख हें साधन मोठें खरें. परंतु तें दाराबाहेर उभें राहून आंतल्या गलबल्याचा अंदाज घेण्यासारखें आहे. मेंदूच्या खोल भागांत काय चाललें आहे, तें त्यांत नीट उमटत नाहीं. मग शास्त्रज्ञांनीं निराळा विचार केला. चूल पेटली कीं जळण लागतें. झटक्याच्या वेळीं मेंदूचा जो भाग धडाडून काम करतो, त्याला रक्त व साखर अधिक लागलीच पाहिजे. १८९० मध्यें केंब्रिज येथें रॉय व शेरिंग्टन यांनीं, मेंदू आपल्या कामाच्या मानानें आपला रक्तपुरवठा वाढवूं शकतो, असा विचार प्राण्यांवरील प्रयोगांवरून मांडला होता. त्यावर इमारत उभी राहिली ती १९७७ मध्यें. अमेरिकेंत बेथेस्डा येथें लुई सोकोलॉफ व त्याच्या सहकाऱ्यांनीं पांढऱ्या उंदरांना द्राक्षशर्करेसारखें दिसणारें परंतु पेशींना पचवितां न येणारें एक द्रव्य टोंचलें. त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेली होती. जो भाग अधिक भुकेला, तेथें तें अधिक साठतें. नंतर मेंदूचे पातळ काप काढून फोटोच्या फिल्मवर ठेवले कीं कोणता भाग किती काम करीत होता याचें चित्रच उमटतें. १९७८ मध्यें जेरोम एंगल यानें या रीतीनें झटका आलेल्या उंदरांचे मेंदू पाहिले, आणि झटका कोणत्या वाटेनें पसरतो तें फिल्मवर दिसूं लागलें.

हीच युक्ति पुढें माणसांना लागू पडली. १९८० मध्यें लॉस एंजेलिस येथें कूल, एंगल व त्यांचे सहकारी यांनीं अशाच शर्करेचें, परंतु अल्पकाळ किरण सोडणारें द्रव्य रोग्यांना देऊन, बाहेर बसविलेल्या यंत्रानें मेंदूचें चित्र घेतलें. तेव्हां एक चमत्कारिक गोष्ट दिसली. झटका नसतांना रोगाची जागा उजळ दिसण्याऐवजीं अंधारलेली होती. जेथें आग लागते तेंच घर एरवीं सुनसान असावें, तसें हें होतें. असल्या चित्रावरून शस्त्रवैद्यांना कापण्याची जागा ठरवितां येऊं लागली. फेरियरच्या नकाशानें जें काम अर्धवट केलें होतें, तें येथें पुष्कळ पुढें गेलें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘केव्हां’ कडे वळूं. पॅरिसमध्यें १८२५ सालीं बूशे व काझोव्हिएय यांनीं अपस्मारानें पछाडलेल्या मृतांच्या मेंदूंत एक भाग आकसून कठीण झालेला पाहिला होता. कानशिलाच्या आंत खोल असलेल्या या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्यामुळें त्याला हिपोकॅम्पस म्हणतात. १८८० मध्यें झोमर या जर्मन शास्त्रज्ञानें तेथील कोणत्या पेशी मरतात तें नेमकें सांगितलें. आणि तेव्हांपासून एक वाद सुरू झाला. हा व्रण झटक्यांचें कारण, कीं झटक्यांचें फळ? बीज आधीं कीं वृक्ष आधीं, त्यांतलाच हा प्रकार. मृत मेंदू यावर साक्ष देऊं शकत नाहीं; तो शेवट सांगतो, क्रम सांगत नाहीं. आणि जिवंत रोगी वैद्याकडे येतो तो झटका आल्यावर. त्याच्या आधींचीं वर्षें कोणीं पाहिलेलीं नसतात.

क्रम पाहावयाचा तर रोग आपल्या देखत जन्माला आला पाहिजे, आणि तें जनावरांतच शक्य होतें. १९४२ मध्यें न्यूयॉर्क येथें कोपेलॉफ व सहकारी यांनीं माकडांच्या मेंदूवर अॅल्युमिनियमच्या एका संयुगाचा लेप लावला. झटके लगेच आले नाहींत, आठवडे लोटल्यावर ते आपोआप येऊं लागले. १९६७ मध्यें कॅनडांत ग्रॅहम गॉडर्डला दिसलें कीं, उंदराच्या मेंदूला रोज एकदां, झटका येणार नाहीं इतका सौम्य प्रवाह दिला तरी, कांहीं दिवसांनीं तेवढ्याच प्रवाहानें पूर्ण झटका येऊं लागतो. चिपाडें लावून चूल पेटवावी तसा हा प्रकार. त्यानें पुढें त्याला दिलेलें इंग्रजी नांवही चिपाडें पेटविण्यावरूनच आहे. १९७८ मध्यें काइनिक आम्ल या द्रव्यानें उंदराच्या हिपोकॅम्पसमधील पेशी मरतात असें दिसून आलें. हें द्रव्य जपानांत पोटांतील जंतांवर घेतल्या जाणाऱ्या एका तांबड्या समुद्रशेवाळांतून निघालेलें आहे. १९८३ मध्यें पिलोकार्पिन या, ब्राझिलांतील एका झुडपाच्या पानांतून निघणाऱ्या द्रव्यानें तसेंच घडवितां येतें हें कळलें. हें द्रव्य काचबिंदूवर डोळ्यांत घालण्यासाठींही वापरतात.

या उंदरांची कथा ऐकण्यासारखी आहे. द्रव्य टोंचल्यावर तासन् तास झटके येतात. मग ते थांबतात, उंदीर सांवरतो, खातो, पितो, हिंडतो. दिवसामागून दिवस जातात. पुष्कळदां कांहीं आठवडे जातात. आणि एके दिवशीं, कोणीं कांहीं न करतां, त्याला आपोआप झटका येतो, व पुढें ते येतच राहतात. मधल्या या शांत अवधीला आपण मूक काळ म्हणूं. माणसांतही हेंच घडतें. डोक्याला जबर मार लागलेला, मेंदुज्वरांतून उठलेला किंवा लहानपणीं तापांत दीर्घकाळ आकडी आलेला माणूस बरा होतो, घरीं जातो. आणि कित्येकदां महिन्यांनीं वा वर्षांनीं अपस्मार त्याला गांठतो. सर्वांनाच गांठतो असेंही नाहीं. मग कोणाला गांठणार? आणि त्या मूक काळांत मेंदूंत काय चाललेलें असतें?

सोकोलॉफच्या पद्धतीनें याचें उत्तर मिळत नसे. कारण काप काढावयाचे म्हणजे उंदीर मारावाच लागे. आज मारलेल्या उंदराला पुढें अपस्मार झाला असता कीं नाहीं, हें कसें कळणार? येथें उपयोगी पडलें तें चुंबक. पॉल लॉटरबर यानें १९७३ मध्यें बलवान् चुंबकाच्या क्षेत्रांत पाण्यांतील हायड्रोजनच्या अणुगर्भांचें स्पंदन टिपून त्यावरून चित्र काढतां येतें हें दाखविलें. ज्याला आपण आज एम्. आर्. आय्. म्हणतों, तें हेंच. सुजलेल्या भागांत पाणी अधिक असतें. तो भाग चित्रांत निराळा दिसतो. त्यांत चाकू नाहीं, किरणोत्सारी द्रव्य नाहीं. उंदराला गुंगी देऊन चुंबकाच्या बोगद्यांत ठेवावें, चित्र घ्यावें, व त्याला पिंजऱ्यांत परत सोडावें; दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या आठवड्यांत, पुन्हां त्याच उंदराचें चित्र घ्यावें. रसेल व बर्च या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ मध्यें प्रयोगांसाठीं तीन नियम सांगितले होते: शक्य तेथें जनावर वापरूं नये, वापरावें लागलें तर कमींत कमी वापरावें, आणि त्याला कमींत कमी यातना द्याव्या. एकाच प्राण्याचें पुनःपुन्हां चित्र घेतां आल्यानें दुसऱ्या नियमाला मोठेंच बळ आलें.

फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील मंडळींनीं २००२ मध्यें पिलोकार्पिन दिलेल्या उंदरांचीं अशीं चित्रें प्रसिद्ध केलीं. प्रौढ उंदरांत चोवीस तासांच्या आंतच हिपोकॅम्पसच्या शेजारच्या बाह्यकांत उजळ डाग दिसला. हिपोकॅम्पसचा व्रण त्यानंतर सावकाश दृढ होत गेला. म्हणजे ज्या व्रणाकडे पावणेदोनशें वर्षें सर्वांचें लक्ष लागलें होतें, त्याच्या आधीं शेजारचें घर पेटलेलें होतें! याहूनही महत्त्वाचें दिसलें तें एकवीस दिवसांच्या पिलांत. सर्वांना सारखेंच द्रव्य दिलें, सर्वांना तसेच झटके आले. परंतु कांहींच्या चित्रांत डाग आला, कांहींच्या आला नाहीं. ज्यांत तो आला नाहीं, त्यांना पुढें अपस्मार जडला नाहीं. जडला तो डाग दिसलेल्यांनाच. मूक काळाच्या पहिल्याच दिवशीं भविष्य चित्रांत उमटलें होतें.

२०१४ मध्यें कॅलिफोर्नियांतील अर्व्हाइन येथून तशीच वार्ता आली. तेथील टॅली बारम व सहकारी यांनीं उंदरांच्या लहान पिलांना उष्ण हवेनें, तापांत मुलांना येते तशी, दीर्घ आकडी आणली. आकडी थांबल्यावर थोड्याच तासांत घेतलेल्या चित्रांत, मेंदूंतील बदामाच्या आकाराच्या अमिग्डला या भागांत, कांहीं पिलांत विशिष्ट फरक दिसला. आणि पुढें अपस्मार होणारीं पिलें त्यावरून आधींच ओळखतां आलीं. आपल्या घरोघरीं तापांत आकडी येणारीं मुलें असतात. आईबापांना धीर द्यावा म्हणून येथें मुद्दाम सांगतों कीं, अशा मुलांपैकीं बहुसंख्य मुलांना पुढें अपस्मार होत नाहीं. प्रश्न आहे तो दीर्घकाळ आकडी आलेल्या थोड्या मुलांचा. आणि त्यांतूनही कोणाची काळजी वाहावयाची, हें ओळखण्याचा.

तथापि चित्र म्हणजे वस्तु नव्हे, हें विसरतां कामा नये. १९९० मध्यें सेजी ओगावा यानें अमेरिकेंत उंदरांवरच दाखवून दिलें कीं, रक्तांतील प्राणवायु कमी-अधिक झाला तर चुंबकीय चित्रांत तो फरक उमटतो. त्यामुळें काम करणारा मेंदू पाहण्याची सोय झाली. परंतु येथें दिसतें तें रक्त. मज्जापेशींचा स्फोट नव्हे. स्ट्रासबूर्ग येथें शून्यदृष्टीच्या अपस्माराची उपजत खोड असलेली उंदरांची एक जात वाढविलेली आहे. तिचा अभ्यास करून ग्रनोब्ल येथील शास्त्रज्ञांनीं २००८ मध्यें एक इशारा दिला. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत रक्त निरनिराळ्या वेगानें प्रतिसाद देतें. तो उशीर हिशेबांत धरला नाहीं, तर मागून पेटलेला भागच आधीं पेटला असें चित्र सांगूं लागतें. तो हिशेब धरल्यावर मात्र चित्राची व मेंदूंत रोवलेल्या तारांची साक्ष जुळली. त्या उंदरांत झटक्याचा उगम मिशांच्या व तोंडाच्या स्पर्शाचें ज्ञान जेथें होतें त्या बाह्यकांत निघाला. ‘कोठें’ हें ठरवावयाला ‘केव्हां’ अचूक कळावें लागतें, याचा हा चांगला दाखला आहे.

सावलीवर न विसंबतां प्रत्यक्ष पेशीच पाहाव्या, असाही प्रयत्न होत आहे. झेब्रामासा हा कांहीं मिलिमीटर लांबीचा मत्स्यशिशु पारदर्शक असतो. त्याच्या मेंदूंत सुमारें एक लक्ष मज्जापेशी असतात. मूळ समुद्रांतील जेलीमाशापासून मिळालेल्या व पुढें शास्त्रज्ञांनीं घडविलेल्या एका प्रथिनाच्या योगें, पेशी उत्तेजित झाली कीं चमकावी, अशी योजना करतां येते. २०१३ मध्यें अमेरिकेंतील जनेलिया येथील प्रयोगशाळेनें अशा शिशूच्या शेंकडा ऐंशींहून अधिक पेशी, सव्वा सेकंदाच्या सुमारास एकदां, अशा टिपून दाखविल्या. पुढें याच मार्गानें झटक्याची लाट पेशी-पेशींतून कशी सरकते तेंही पाहण्यांत आलें. बकरीच्या फुटलेल्या कवटीपासून आपण येथवर आलों आहों.

यांतून रोग्याच्या पदरांत काय पडलें? शस्त्रक्रियेला नेमकी जागा मिळाली, हें निश्चित. जगांत सुमारें पांच कोटि लोकांना हा रोग आहे; त्यांपैकीं अदमासें एक तृतीयांश लोकांचे झटके औषधांनीं आवरत नाहींत, आणि त्यांतील कांहींना ही शस्त्रक्रिया हाच आधार असतो. परंतु दुसरें वचन अजून पुरें व्हावयाचें आहे. डोक्याला मार लागलेल्यांना आधींपासून फेनिटॉइन दिलें तर अपस्मार टळतो काय, याची अमेरिकेंत सिएटल येथें काळजीपूर्वक परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यांतले झटके कमी झाले, परंतु पुढील अपस्मार टळला नाहीं. आपलीं औषधें झटका दाबतात. रोगाचा जन्म थांबवीत नाहींत. तो थांबविणारें औषध शोधावयाचें तर तें कोणावर पारखावयाचें, हें आधीं ठरलें पाहिजे. मार लागलेल्या शंभरांपैकीं थोड्यांनाच अपस्मार होणार असेल, तर सर्वांना वर्षानुवर्षें औषध देणें न्याय्य नाहीं, आणि औषधाचा गुण आला कीं रोग होणारच नव्हता, हेंही कळत नाहीं. उंदरांच्या चित्रांतील त्या डागाचें खरें मोल येथें आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांत दिसलेली खूण मुलांत तशीच दिसेल, असें गृहीत धरतां येत नाहीं. ती माणसांत पारखूनच घ्यावी लागते. परंतु कोठें पाहावें आणि किती लवकर पाहावें, हें त्या मुक्या जीवांनीं आपणांस दाखवून दिलें आहे.

त्यांचें ऋण मान्य करावयाचें तर दोन गोष्टी आपल्या हातीं आहेत. एक, असले प्रयोग कमींत कमी प्राण्यांवर व कमींत कमी यातनांत व्हावे याविषयीं समाजानें दक्ष राहावें. फेरियरच्या काळीं ज्यांनीं प्रश्न विचारले, ते सर्वच अज्ञानी नव्हते. दुसरी गोष्ट आपल्या घरांतली आहे. पुढच्या वेळीं रस्त्यांत कोणी असा कोसळलेला दिसला, तर त्याच्या नाकाशीं जोडा धरूं नका, तोंडांत कांहीं कोंबूं नका, हातपाय दाबून धरूं नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवा, घड्याळाकडे पाहा, आणि पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर वैद्याकडे न्या. शुद्धीवर येतांना त्याला दिसणारा पहिला चेहरा भ्यालेला नसावा, एवढें तरी आपण करूं शकतों. त्याच्या मेंदूंत क्षणभर एक ठिणगी अनावर झाली होती. देवाचा कोप नव्हता, आणि त्याचा अपराधही नव्हता. चोवीसशें वर्षांपूर्वीं एका ग्रीक वैद्यानें बकरीची कवटी दाखवून हेंच सांगितलें होतें. तें आपणांस पटावयाला आतां तरी उशीर होऊं नये.